दुखरी टाच आणि दहा किलोमीटर

अनवाणी चालणं आपल्याला काही नवीन नाही. नवरात्रात नऊ दिवस पायात चप्पल न घालणाऱ्या बायका गल्लोगल्ली दिसतात. आषाढी वारीत आळंदी ते पंढरपूर ही सुमारे अडीचशे किलोमीटरची वाट कितीतरी जणी बिनवहाणेच्या पायांनी चालतात. खुरपायला, निंदायला जाणारीच्या पायात तर वर्षाचे निम्मे दिवस काहीच नसतं. पण ‘अनवाणी धावायचंय’ असं म्हणून बघा! तेही चाळिशी उलटलेल्या, रोज साडी नेसणाऱ्या आणि टाच दुखते म्हणून लंगडणाऱ्या बाईनं! लोक दोनच प्रश्न विचारतात. ‘नवस बोललीस का?’ नाहीतर ‘डोकं ठिकाणावर आहे ना?’

मला दोन्ही विचारून झाले. पहिला सासूबाईंनी विचारला, दुसरा आमच्या ‘अहों’नी. उत्तर द्यायला मला सात महिने लागले. ते उत्तर माझ्या एकटीपुरतं नाही असं वाटतं, म्हणून मैत्रिणींनो, आज तुमच्याशी बोलायचंय.

सायकलींसाठी धाव

आमचं तालुक्याचं गाव. आसपासच्या वाड्यावस्त्यांवर चौथीपर्यंत, फार तर सातवीपर्यंत शाळा आहे. पुढं शिकायचं तर चार-पाच किलोमीटर चालत गावात यायचं. मुलगे कुणाच्या तरी मोटारसायकलवर मागं बसून येतात. मुलींना तसं कोण पाठवणार? मग ‘पुढच्या वर्षी बघू’ म्हणत शाळा सुटते. आमच्या महिला मंडळातल्या आम्ही काहीजणी वस्त्यांवर जातो तेव्हा अशा मुली धुणं घेऊन विहिरीवर भेटतात. शाळेचं विचारलं की मान खाली घालतात.

राज्य सरकारच्या मानव विकास कार्यक्रमातून मागास ठरवलेल्या १२५ तालुक्यांतल्या गरजू मुलींना सायकली मिळतात. आमचा तालुका त्या यादीत नाही. बिहार सरकारनं २००६ मध्ये नववीत जाणाऱ्या मुलींना सायकलीसाठी पैसे द्यायला सुरुवात केली. पुढं अभ्यासकांनी पाहणी केली, तर माध्यमिक शाळेत नाव घालणाऱ्या मुलींचं प्रमाण त्या योजनेमुळं सुमारे ३० टक्क्यांनी वाढलेलं दिसलं. म्हणजे सायकल ही काही हौसेची वस्तू नाही. मुलीच्या शिक्षणातला तो एक धडाच आहे म्हणा ना!

मंडळाच्या बैठकीत ठरलं, ३ जानेवारीला सावित्रीबाईंच्या जयंतीला दहा किलोमीटरची दौड काढायची. जिला झेपेल तिनं धावायचं, बाकीच्यांनी चालायचं. प्रत्येकीनं ओळखीच्यांकडून किलोमीटरमागे दहा रुपये, वीस रुपये असा शब्द घ्यायचा. जमलेल्या पैशांतून सायकली. तेव्हा एकजण म्हणाली, ‘त्या पोरी झिजल्या चपलांनी नाहीतर अनवाणी येतात. आपल्यातल्या दोघी-तिघी अनवाणी धावल्या तर लोकांच्या डोळ्यांत भरेल.’ सगळ्यांना पटलं. मी शाळेत असताना धावण्यात बक्षिसं मिळवायची, तीही अनवाणीच, हे मंडळात सर्वांना ठाऊक. सगळ्यांच्या माना माझ्याकडे वळल्या. आणि त्याच वेळी माझी उजवी टाच ठणकत होती.

पहिलं पाऊल

सकाळी अंथरुणातून उठून पहिलं पाऊल टाकलं की टाचेत खिळा ठोकल्यासारखी कळ येते, चार पावलं चालल्यावर जरा बरं वाटतं आणि दिवसभर ओट्याशी उभं राहून संध्याकाळी पुन्हा ठणका लागतो. ओळखीचं वाटतंय ना? आपल्या वयाच्या बायकांत हे दुखणं अगदी घरोघरी आहे. डॉक्टरांच्या भाषेत त्याला प्लांटार फॅसायटिस म्हणतात. टाचेच्या हाडापासून बोटांपर्यंत तळव्यात एक जाड, चिवट पट्टा असतो. पायाची कमान तोच तोलून धरतो. वाढलेलं वजन, कडक फरशीवर तासन् तास उभं राहणं आणि आखडलेल्या पोटऱ्या, यानं तो टाचेपाशी दुखावतो.

आपण काय करतो? ‘दुखणं अंगावर काढणं’ हा शब्दप्रयोग आपल्यासाठीच जन्माला आला असावा. नवऱ्याला शिंक आली तर काढा, मुलाला ताप आला तर रात्रभर जागरण, आणि स्वतःची टाच दुखली तर थोडं तेल चोळून झोपायचं. माझ्या जावेनं तीन वर्षं अशीच काढली. शेवटी चालच बदलली, गुडघा धरला, मग कंबर.

दौडीचं ठरलं म्हणून मी जूनमध्ये आमच्या गावातल्या फिजिओथेरपिस्ट बाईंकडे गेले. एरवी गेले असते का, शंकाच आहे. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, ‘ताई, धावायचं नंतर बघू. आधी घरात चप्पल घाला.’

मी अवाक्! अनवाणी धावण्याची परवानगी मागायला गेले आणि घरातसुद्धा अनवाणी फिरायचं नाही असं सांगितलं गेलं. त्यांचं म्हणणं सरळ होतं. दुखावलेल्या टाचेला फरशीवर दिवसभर आपटणं म्हणजे जखमेवरची खपली रोज काढणं. आधी ठणका जाऊ दे, मग पाय बळकट होऊ दे, आणि अनवाणी धावणं सगळ्यात शेवटी.

घरात चप्पल म्हटल्यावर पहिला वाद स्वयंपाकघरात झाला. ‘चुलीपाशी पायताण? आमच्या घरात कधी झालं नाही,’ सासूबाई म्हणाल्या. बरोबरच होतं त्यांचं, इतक्या वर्षांची रीत. मग मी मऊ तळाच्या नव्या सपाता आणल्या, त्यांच्यादेखत धुतल्या आणि त्या फक्त ओट्यापुरत्या ठेवल्या. आठवड्यानं सासूबाईच हळूच म्हणाल्या, ‘माझ्या मापाच्या मिळतील का गं?’

पायाचा रियाज

जून ते ऑगस्ट मी एक मीटरही धावले नाही. रोज सकाळी पलंगावरून उतरण्याआधी पायाची बोटं हातानं धरून आपल्याकडे ओढायची आणि दहा आकडे मोजायचे, असं दहा वेळा. भिंतीला हात टेकून पोटऱ्या ताणायच्या. संध्याकाळी फ्रीजरमध्ये गोठवलेली पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून तळव्याखाली फिरवायची.

दर एक दिवसाआड आणखी एक व्यायाम होता. पायरीच्या कडेवर चवड्यांनी उभं राहायचं, बोटांखाली टॉवेलची गुंडाळी ठेवायची. तीन आकडे मोजत टाच वर न्यायची, दोन आकडे थांबायचं, तीन आकडे मोजत खाली आणायची. डेन्मार्कमधल्या संशोधकांनी टाचदुखीच्या ४८ रुग्णांवर हा प्रयोग करून २०१४ मध्ये त्याचे निष्कर्ष मांडले. नुसता पाय ताणणाऱ्यांपेक्षा हा व्यायाम करणाऱ्यांना तीन महिन्यांत जास्त आराम पडला होता. वर्षअखेरीला मात्र दोन्ही गट सारखेच बरे झाले होते. म्हणजे व्यायाम कुठला का असेना, टाच बरी होते, पण वेळ घेते. औषध आहे, फक्त ते धीराच्या बाटलीत मिळतं!

या काळात लोकांनी टोमणे मारले नाहीत असं नाही. ‘काय वहिनी, धावणार होता ना?’ दूधवालासुद्धा विचारायचा. मी म्हणायची, ‘धावतेय की, पायरीवर!’

अनवाणी म्हणजे काय आणि काय नव्हे

अनवाणी धावण्याचं नाव निघालं की एक नाव हमखास येतं, इथिओपियाच्या अबेबे बिकिला यांचं. १९६० च्या रोम ऑलिंपिकमध्ये ४२ किलोमीटरची मॅरेथॉन त्यांनी अनवाणी २ तास १५ मिनिटांत जिंकली. मिळालेले बूट पायाला नीट बसेनात आणि सराव अनवाणी झालेलाच होता, म्हणून ते तसेच धावले. आता पुढची गोष्ट ऐका, ती फारशी कुणी सांगत नाही. चार वर्षांनी टोकियोत त्यांनी पुन्हा सुवर्णपदक जिंकलं. शर्यतीआधी जेमतेम पाच आठवड्यांवर त्यांची अपेंडिक्सची शस्त्रक्रिया झाली होती. आणि या वेळी त्यांच्या पायात बूट होते! त्यांच्यासाठी अनवाणी धावणं हे व्रत नव्हतं. त्या दिवशी पायाला जे मानवेल ते त्यांनी केलं.

बूट घालून धावताना बहुतेकजण टाचेवर आदळतात, कारण टाचेखाली जाड गादी असते. अनवाणी धावताना टाच आदळली तर लागतं, म्हणून पाय आपोआप चवड्यावर किंवा मधल्या भागावर हलकेच टेकतो आणि पावलं छोटी पडतात. अमेरिकेतल्या हार्वर्ड विद्यापीठाचे प्राध्यापक डॅनियल लीबरमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१० मध्ये हे शास्त्रीय मोजमापांनिशी मांडलं. त्यासाठी केनियातल्या, लहानपणापासून अनवाणी धावणाऱ्यांचाही त्यांनी अभ्यास केला होता.

झालं! त्या सुमारास अमेरिकेत बूट फेकून देण्याची लाटच आली. पण वर्षानुवर्षं बुटांत राहिलेला पाय एका महिन्यात रानातला होत नाही. टाचेवरचा भार कमी होतो खरा, पण तो पोटरीवर आणि बोटांमागच्या बारीक लांब हाडांवर येतो. स्नायू काही आठवड्यांत तयार होतात, हाडांना त्याहून जास्त काळ लागतो. २०१३ मध्ये अमेरिकेतच एक अभ्यास झाला. अगदी पातळ तळाच्या, जवळजवळ अनवाणी वाटणाऱ्या बुटांकडे दहा आठवड्यांत वळलेल्या धावपटूंच्या पायांचे एमआरआय काढले, तेव्हा त्यांतल्या बऱ्याच जणांच्या हाडांत सूज आढळली. घाई केली की हाडाला तडा जातो तो असा.

आणि आपल्या मातीतल्या लता करे? बारामतीच्या मॅरेथॉनमध्ये ज्येष्ठांच्या गटात त्या नऊवारी नेसून अनवाणी धावल्या आणि जिंकल्या. नवऱ्याच्या तपासणीसाठी पैसे हवे होते, म्हणून. पुढं ‘लता भगवान करे’ हा मराठी चित्रपट आला, त्यात त्यांनी स्वतःचीच भूमिका केली आणि ६७ व्या राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांत त्यांचा विशेष उल्लेख झाला. त्यांना कुणी सरावाचं वेळापत्रक आखून दिलं नव्हतं. जन्मभराचे कष्ट हाच त्यांचा सराव. त्यांचं कौतुक करावं तेवढं थोडंच. पण मला दर वेळी वाटतं, नवऱ्याच्या तपासणीसाठी कुठल्याही बाईवर धावायची वेळच का यावी? अशा धैर्याला टाळ्या वाजवून आपण मोकळं होऊ नये.

दुसऱ्या उषा सोमण. मुलगा मिलिंद सोमण २०१६ मध्ये अहमदाबादहून मुंबईपर्यंत अनवाणी धावला, तेव्हा वाटेत पंचाहत्तरी ओलांडलेल्या त्याच्या आईही साडीत, अनवाणी त्याच्यासोबत काही अंतर धावल्या. साडीची अडचण होते म्हणणाऱ्या आम्हा बायकांची त्यांनी बोलतीच बंद केली.

पाच मिनिटांपासून

सप्टेंबरमध्ये सकाळची कळ थांबली. मग परवानगी मिळाली, रोज नाही, आठवड्यातून तीन दिवस. पहिल्या आठवड्यात शाळेच्या मैदानावर अनवाणी पाच मिनिटं नुसतं चालायचं. दुसऱ्या आठवड्यात दहा. तिसऱ्यात एक मिनिट धावायचं, दोन मिनिटं चालायचं. बाकीचा सराव साध्या कॅनव्हासच्या बुटांत. दर आठवड्याला आधीच्यापेक्षा थोडंसंच वाढवायचं आणि दर चौथ्या आठवड्याला उलट कमी करायचं.

आमच्यासोबत शिपाईमामा आणि त्यांचा खराटाही असायचा. पहाटे ते धावपट्टी झाडून द्यायचे. तरी सराटे, बाभळीचे काटे आणि रात्री तिथं बसणाऱ्यांच्या बाटल्यांच्या काचा निघायच्याच. एकदा मी त्या काचा गोळा करून मुख्याध्यापकांच्या टेबलावर ठेवल्या. पुढच्या आठवड्यात मैदानाला फाटक आलं. धावण्याचा हाही एक फायदा! धनुर्वाताचं इंजेक्शन आम्ही तिघींनी आधीच घेतलं होतं. पावसाची डबकी साचली की अनवाणी सराव बंद, कारण त्या पाण्यात काय असतं ते दिसत नाही.

घरी आल्यावर पाय धुवायचे, कोरडे करायचे आणि तळवे आरशात बघायचे. भेगा असतील तर रात्री खोबरेल चोळून मोजे घालायचे. हे पाय इतकी वर्षं मला वाहून नेताहेत आणि मी त्यांच्याकडे लग्नात हळद लागली तेव्हा नीट बघितलं असेन, त्यानंतर आत्ताच!

आमच्यातल्या एका मैत्रिणीला मधुमेह आहे. तिलाही अनवाणी धावायचं होतं, देवीला तसं बोललीही होती. डॉक्टरांनी साफ नाही म्हटलं. मधुमेहात पायाची संवेदना हळूहळू कमी होते. काटा रुतला तरी कळत नाही, जखम चिघळते आणि बोट, कधी पाऊलही गमवावं लागतं. ती फार हिरमुसली. तेव्हा आमच्या मंडळातल्या सर्वांत ज्येष्ठ काकू तिला म्हणाल्या, ‘अगं, देवीला तुझे पाय हवेत, जखमा नकोत.’ तिनं पायात नीट बसणारे बूट घेतले, दहा किलोमीटर चालायचं ठरवलं आणि देणग्या गोळा करण्यात आम्हा सगळ्यांना मागं टाकलं.

थांबलेला माणूस

डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात, दौडीला तीन आठवडे असताना, एका सकाळी पलंगावरून उतरले आणि तीच कळ. खिळा!

दुपारपर्यंत मी कुणाला सांगितलं नाही. पावतीपुस्तकं छापून झाली होती. वस्त्यांवरच्या मुलींची यादी तयार होती. बाजारातल्या एका दुकानदारानं चारचौघांत जाहीर केलं होतं, ‘वहिनी, अनवाणी जेवढे किलोमीटर धावाल, किलोमीटरमागे पाचशे रुपये माझे.’ दहा किलोमीटरचे पाच हजार, म्हणजे जवळजवळ एक सायकल. एका टाचेपायी एका मुलीची सायकल जाणार? ‘दात-ओठ खाऊन धाव, मग काय व्हायचं ते होऊ दे,’ असं मन सांगत होतं.

त्या दिवशी मला टेरी फॉक्स आठवला. कॅनडाचा मुलगा. १९७७ मध्ये, अठराव्या वर्षी, हाडाच्या कर्करोगामुळं त्याचा उजवा पाय गुडघ्याच्या वरून कापावा लागला. रुग्णालयात त्यानं लहान मुलांच्या वेदना पाहिल्या आणि ठरवलं, कर्करोगाच्या संशोधनासाठी कृत्रिम पायावर देश पालथा घालायचा. नुसत्या तयारीसाठी तो पाच हजारांहून जास्त किलोमीटर धावला. १२ एप्रिल १९८० ला देशाच्या पूर्व टोकाला, न्यूफाउंडलंडला समुद्रात कृत्रिम पाय बुडवून निघाला. रोज जवळजवळ एक मॅरेथॉन. कापलेल्या पायाला फोड यायचे, रक्त यायचं, तरी तो धावला. १४३ दिवसांत ५,३७३ किलोमीटर.

आणि १ सप्टेंबरला, थंडर बे या गावाजवळ, तो थांबला. कर्करोग फुप्फुसांत पोचला होता. जून १९८१ मध्ये तो गेला.

त्याची गोष्ट सांगताना आपण ‘वेदना सोसत धावला’ यावर जोर देतो. पण तो देशाच्या दुसऱ्या टोकाला पोचला नाही, अर्ध्याहून थोडं पुढं जाऊन थांबला. तरी पैसे थांबले नाहीत. प्रत्येक कॅनेडियन माणसामागे एक डॉलर, हे त्याचं स्वप्न होतं. फेब्रुवारी १९८१ पर्यंत २ कोटी ४० लाखांहून जास्त डॉलर जमले, त्याच्या देशाची लोकसंख्या होती साधारण तेवढेच! १९८१ पासून त्याच्या नावानं दरवर्षी दौड होते. तिच्यात स्पर्धा नसते, पहिला-दुसरा नंबर नसतो. तो जिथं थांबला तिथून पुढं इतरजण धावतात.

मी विचार केला, टेरीपुढं मृत्यू होता, माझ्यापुढं एक टाच. त्याच्या सोसण्याची नक्कल करण्यात काय अर्थ? त्याच्याकडून घ्यायचं ते हे, की काम धावणाऱ्यापेक्षा मोठं असतं, आणि एकजण थांबली म्हणून ते थांबू नये अशी सोय करायची असते.

दुसऱ्या दिवशी फिजिओथेरपिस्ट बाईंकडे गेले. त्यांनी बारा दिवस धावणं बंद केलं. दम टिकावा म्हणून काय करायचं तर, सायकल चालवायची! लेकीची सायकल काढून मी वीस वर्षांनी पेडल मारलं. मग मंडळाची बैठक बोलावून स्पष्ट सांगितलं, मातीच्या रस्त्याचे सहा किलोमीटर अनवाणी, तेही टाचेनं साथ दिली तर. पुढचे डांबरी चार किलोमीटर बुटांत. कळ आली तर चालेन, वाढली तर थांबेन आणि माझे उरलेले किलोमीटर दुसरी कुणीतरी चालेल. दुकानदाराच्या दुकानात जाऊनही तेच सांगितलं. ‘बघा बुवा, शब्द अनवाणीचा होता,’ ते म्हणाले. मी म्हटलं, ‘जेवढे अनवाणी होतील, तेवढ्यांचेच द्या.’

तीन जानेवारी

थंडी कडाक्याची होती. सावित्रीबाईंच्या तसबिरीला हार घालून साडेसहाला आम्ही निघालो. चौसष्ट बायका, त्यातल्या अनवाणी तिघी. कालव्याच्या कडेचा मातीचा रस्ता दंवानं गार पडला होता. पहिली दहा मिनिटं तळवे बधिर, मग हळूहळू ऊब आली. छोटी पावलं, टाच हलकी, खांदे सैल. वस्तीवरच्या मुली कडेला उभ्या होत्या. ‘मावशी, मावशी’ म्हणत त्यांतल्या दोघी-तिघी थोडं अंतर सोबत धावल्या. त्यांचे पाय माझ्यापेक्षा कितीतरी सहज पडत होते!

सहा किलोमीटरला पूल आला, तिथून डांबर. लेक बूट घेऊन उभी होती. टाच थोडी कुरकुरत होती, ठणकत नव्हती. आणखी एखादा किलोमीटर जमला असता. पाचशे रुपये डोळ्यांसमोर आले. तरी मी खाली बसले, पाय पुसले आणि बूट चढवले. उरलेलं अंतर अर्धं धावत, अर्धं चालत पार केलं. मधुमेहवाली मैत्रीण माझ्यामागून अर्ध्या तासानं पोचली, तेव्हा तिच्यासाठी वाजलेल्या टाळ्या सगळ्यात मोठ्या होत्या.

दुकानदारांनी हिशेब चोख केला, सहा किलोमीटरचे तीन हजार दिले, एक रुपया जास्त नाही. पण संध्याकाळी त्यांच्या सौभाग्यवती मंडळात आल्या, दोन हजार पुढं ठेवले आणि म्हणाल्या, ‘हे माझे. माझीही टाच दुखते, त्या बाईंचा पत्ता द्या.’

एकूण चौदा सायकली झाल्या. चौदा मुलींची नावं पुन्हा पटावर आली. यादीतल्या नऊजणी अजून बाकी आहेत, म्हणून यंदाही दौड आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी पलंगावरून उतरताना मी श्वास रोखून पाऊल टेकवलं. खिळा नव्हता.

मैत्रिणींनो, हे ध्यानात ठेवा

• सकाळच्या पहिल्या पावलाला टाच दुखत असेल तर महिनोन् महिने वाट बघू नका. लवकर दाखवलं तर साध्या व्यायामानं बहुतेकींना आराम पडतो.

• ठणका असताना घरातही मऊ तळाच्या सपाता घाला.

• मधुमेह असेल, तळव्यांना बधिरपणा, मुंग्या किंवा न भरणारी जखम असेल तर अनवाणी चालू-धावू नका. पाय रोज तपासा.

• अनवाणी सराव पाच मिनिटं चालण्यापासून, स्वच्छ मातीवर सुरू करा. उन्हानं तापलेला डांबरी रस्ता आणि साचलेलं पाणी टाळा. धनुर्वाताची लस घेतलेली असावी.

• स्नायू दुखले तर एक-दोन दिवसांत बरं वाटतं. पण पायाच्या हाडावर एकाच जागी बोट ठेवताच दुखत असेल, सूज असेल, चालतानाही कळ येत असेल तर धावणं लगेच बंद करा आणि डॉक्टरांना दाखवा.

• चांगल्या कामासाठी धावताना आधीच ठरवून ठेवा, मी थांबले तर पुढं कोण?

घरासाठी, मुलांसाठी, समाजासाठी आपण बायका राबतो, आणि दुखणं अंगावर काढणं हा त्याचाच एक भाग समजतो. कुणी त्याला त्याग म्हणतं, मग आपल्यालाही बरं वाटतं. पण दुखऱ्या पायानं गुपचूप धावणाऱ्या बाईपेक्षा ‘मला दुखतंय, मी दाखवून येते’ असं मोठ्यानं म्हणणारी बाई जास्त लांबवर जाते. सायकल मिळालेल्या मुली उद्या कुणाकुणाच्या आया होतील. त्यांनी आपल्याकडून काय शिकावं, ते ठरवायचं आपल्याच हातात आहे. नव्हे, आपल्याच पायात!